मूल्यमापन फलक व सहचर चिप

मूल्यमापन फलक व सहचर चिप : यंत्राच्या अंतर्भागात बसवून त्याचे नियंत्रण करणाऱ्या प्रक्रियकास अंतःस्थापित प्रक्रियक म्हणतात. असा प्रक्रियक नियोजित कामास योग्य आहे की नाही हे प्रत्यक्ष चालवून पाहता यावे म्हणून त्याचा उत्पादक एक तयार मुद्रित मंडल फलक पुरवितो, त्यास मूल्यमापन फलक असे नाव आहे. या फलकावर प्रक्रियकाबरोबर स्मृती, विद्युत् पुरवठा, कालस्पंद देणारा आंदोलक आणि बाह्य उपकरणांसाठी जोडण्या असतात. प्रक्रियकाला स्वतःला न जमणारी किंवा त्याच्याकडून करवून घेणे न परवडणारी कामे करण्यासाठी खास त्याच्या जोडीस बसेल असे जे वेगळे संकलित मंडल तयार करतात, त्यास सहचर चिप म्हणतात. या दोन्ही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. प्रक्रियकाने काय करावे आणि सहचर चिपेने काय करावे, या श्रमविभागणीवर यंत्राची किंमत, वेग व विश्वसनीयता अवलंबून असते आणि ही विभागणी कितपत योग्य आहे याची पहिली कसोटी मूल्यमापन फलकावर लागते.

धुलाई यंत्र, वीजमापक, मोटारीचे एंजिन, रुग्णाच्या हृदयाचे ठोके दाखविणारे उपकरण, छपाई यंत्र इत्यादींमध्ये अंतःस्थापित प्रक्रियक वापरतात. अशा यंत्राचा प्रक्रियक एकदा निवडला की त्याच्या आज्ञासंचात लिहिलेली आज्ञावली, त्याच्या पिनांच्या मांडणीनुसार केलेला मंडल फलक आणि उत्पादनाची सर्व साधने यांचा त्याच्याशी अनेक वर्षांचा संबंध जडतो. निवड चुकल्याचे उत्पादन सुरू झाल्यानंतर लक्षात आले, तर जवळजवळ सर्व काम नव्याने करावे लागते. म्हणूनच निवडीपूर्वीच्या चाचणीस या क्षेत्रात मोठे महत्त्व आहे.

सहचर चिपांची आवश्यकता : सूक्ष्मप्रक्रियक अथवा मायक्रोप्रोसेसर हा स्वतः केवळ आज्ञा वाचतो, त्यांचा अर्थ लावतो आणि अंकगणितीय व तार्किक क्रिया करतो. आज्ञा साठविण्यास स्मृती लागते, कळ दाबली गेल्याचे समजण्यास आदान मार्ग लागतो आणि मोटर चालू करण्यास प्रदान मार्ग लागतो. ही कामे सर्वसाधारण तर्क मंडले जोडूनही करता येतात. तथापि तसे केल्यास फलकावरील घटकांची संख्या वाढते आणि तिच्याबरोबर डाखकाम, जागा, वीजखर्च व बिघाडाचा संभवही वाढतो.

सहचर चिप वेगळी ठेवण्यामागे मुख्यतः तीन कारणे आहेत. पहिले कारण पिनांच्या संख्येचे. १९७० नंतरच्या दशकातील बहुतेक ८ बिटी प्रक्रियक ४० पिनांच्या आवेष्टनात येत. पत्त्यासाठी १६ व माहितीसाठी ८ पिना खर्ची पडल्यावर बाह्य उपकरणांसाठी फारच थोड्या पिना उरत. दुसरे कारण वेळेचे. पुष्कळ कामे सोपी पण सतत लक्ष ठेवावे लागणारी असतात व त्यांत प्रक्रियक गुंतून पडतो. तिसरे कारण निर्मितितंत्राचे. अत्यंत सूक्ष्म ट्रँझिस्टरांचा वेगवान प्रक्रियक ज्या तंत्राने बनवितात, ते तंत्र अधिक विद्युत् दाब सहन करणाऱ्या अथवा सलग बदलणाऱ्या संकेतांवर काम करणाऱ्या मंडलांना फारसे सोयीचे नसते. अशी मंडले वेगळ्या व स्वस्त तंत्राने वेगळ्या चिपेवर करणे फायद्याचे ठरते.

दुसरे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इंटेल कंपनीच्या ८०८५ या प्रक्रियकाच्या एका फलकावर त्याची कंप्रता ३·०७२ मेगाहर्ट्‌झ असे. सेकंदाला ९,६०० बिट या गतीने एका तारेवरून अक्षरे पाठवावयाची असल्यास प्रत्येक बिटास सुमारे १०४ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रक्रियकाचे ३२० कालस्पंद मिळतात. सर्वांत साध्या आज्ञेस ४ कालस्पंद लागतात असे धरल्यास एका बिटाच्या अवधीत फार तर ८० आज्ञा पार पडतात. बिट मोजून पाठविण्याचे काम प्रक्रियकानेच केले, तर अक्षर पूर्ण होईपर्यंत त्याला ठरलेल्या क्षणी हजर राहावे लागते आणि मध्येच दुसरे तातडीचे काम आल्यास अक्षर बिघडते. हेच काम ८२५१ या क्रमिक संदेशवहनाच्या सहचर चिपेकडे सोपविल्यास प्रक्रियक तिला संपूर्ण अक्षर एकदम देतो व मोकळा होतो. आरंभीचा व अखेरचा बिट धरून एका अक्षराचे १० बिट होतात, त्यामुळे पुढील ३,२०० कालस्पंद त्याला इतर कामासाठी मिळतात.

सहचर चिपांचे प्रकार : कार्यानुसार या चिपांचे काही ठळक प्रकार पडतात. इंटेलच्या ८ बिटी प्रक्रियकांच्या परिवारात त्यांची नमुनेदार उदाहरणे आढळतात. ८२५५ ही समांतर आदान-प्रदान चिप असून तिच्यावर २४ मार्ग असतात व ते आदानासाठी की प्रदानासाठी वापरावयाचे हे आज्ञावलीने ठरविता येते. ८२५३ मध्ये १६ बिटी ३ गणित्रे असून ती ठराविक काळ मोजण्यास अथवा ठराविक कंप्रतेचे स्पंद निर्माण करण्यास उपयोगी पडतात. चालू काम थांबवून तातडीच्या कामाकडे लक्ष वेधणाऱ्या संकेतास व्यत्यय म्हणतात. ८२५९ ही चिप ८ ठिकाणांहून येणाऱ्या व्यत्ययांचा अग्रक्रम ठरविते आणि अशा अनेक चिपा जोडून ही संख्या ६४ पर्यंत नेता येते. ८२५७ ही प्रक्रियकाला मध्ये न घेता बाह्य उपकरण व स्मृती यांच्यात थेट माहिती वाहून नेते व त्यासाठी तिच्यात ४ मार्ग असतात. ८२७९ ही कळफलकावरील कळा तपासते व अंकदर्शकावरील अंक सतत उजळत ठेवते.

सहचर चिप व सहप्रक्रियक यांत भेद केला पाहिजे. सहप्रक्रियक हा मुख्य प्रक्रियकाच्या आज्ञाप्रवाहातील काही आज्ञा स्वतः पार पाडतो. इंटेलचा १९८० मधील ८०८७ हा अंकगणितीय सहप्रक्रियक याचे उदाहरण होय. सहचर चिप मात्र मुख्य आज्ञाप्रवाहात भाग घेत नाही. प्रक्रियक तिच्यातील नोंदकोशांत, म्हणजे रजिस्टरांत, ठराविक संख्या लिहून तिला काम सांगतो आणि काम झाल्याचे तेथूनच वाचून घेतो.

इतिहास : सहचर चिपांची कल्पना सूक्ष्मप्रक्रियकाइतकीच जुनी आहे. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी इंटेलने हाती घेतलेल्या कामातून ४००४ हा ४ बिटी प्रक्रियक निर्माण झाला व नोव्हेंबर १९७१ मध्ये तो सर्वांसाठी विक्रीस आला. टेड हॉफ, स्टॅन्ली मेझर, फेडेरिको फॅजिन व मासातोशी शिमा यांचा त्याच्या निर्मितीत प्रमुख वाटा होता. सुमारे २,३०० ट्रँझिस्टरांचा हा प्रक्रियक एकटा नव्हता. ४००१ ही आज्ञावली कायम साठविणारी रॉम स्मृती, ४००२ ही तात्पुरती स्मृती आणि ४००३ ही प्रदान मार्ग वाढविणारी सरक-नोंदकोश चिप मिळून चार चिपांचा हा संच होता. प्रक्रियकाच्या आवेष्टनास केवळ १६ पिना असल्याने पत्ता व माहिती या दोन्ही गोष्टी त्याच चार तारांवरून पाळीपाळीने न्याव्या लागत. ४००१ व ४००२ या चिपांना ही पाळी ओळखता येत होती, म्हणून त्या खऱ्या अर्थाने सहचर होत्या.

या संचात एक अडचण होती. ४००१ मधील आज्ञावली कारखान्यातच, चिप बनविताना घातली जाई व नंतर ती बदलता येत नसे. आज्ञावलीत एक चूक राहिली तरी नव्या चिपा बनवून घ्याव्या लागत. डोव्ह फ्रोमन यांनी इंटेलमध्ये शोधून काढलेल्या व १९७१ मध्ये पुढे आलेल्या १७०२ या स्मृतीने ही अडचण दूर केली. या स्मृतीतील २५६ बाइट माहिती जंबुपार किरणांनी पुसून पुन्हा लिहिता येत असे. ४००१ च्या जागी १७०२ वापरणारा एसआयएम४-०१ हा फलक इंटेलने काढला. आज्ञावली लिहावी, चालवून पाहावी, चूक सापडल्यास पुसून पुन्हा लिहावी, ही मूल्यमापन फलकाची मूळ कार्यपद्धती येथून रूढ झाली.

१९७६ मधील ८०८५ या प्रक्रियकाच्या अभिकल्पात सहचर चिपांचा विचार आरंभापासून केलेला होता. पत्त्याचे खालचे ८ बिट व माहितीचे ८ बिट एकाच ८ पिनांवरून पाळीपाळीने पाठविल्यामुळे ८ पिना वाचल्या आणि त्या व्यत्यय व इतर संकेतांसाठी उपलब्ध झाल्या. पत्ता धरून ठेवणारे मंडल ८१५५ व ८३५५ या सहचर चिपांच्या आतच होते. ८१५५ मध्ये २५६ बाइट स्मृती, २२ आदान-प्रदान मार्ग व १४ बिटी कालमापक असून ८३५५ मध्ये २,०४८ बाइट कायम स्मृती व १६ मार्ग असत. अशा रीतीने केवळ तीन चिपांत संपूर्ण नियंत्रक तयार होत असे. याच घटकांवर आधारलेला एसडीके-८५ हा फलक फार प्रसिद्धी पावला. त्यावर २४ कळा व प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचा ६ अंकी दर्शक होता. त्यांपैकी ४ अंक पत्ता व २ अंक माहिती षोडशमान पद्धतीत दाखवीत. कायम स्मृतीतील मॉनिटर या देखरेख आज्ञावलीच्या साहाय्याने स्मृतीतील मजकूर बदलणे, नोंदकोश तपासणे, आज्ञावली चालविणे व तिची एकेक आज्ञा सुटी पार पाडणे ही कामे करता येत.

मोटोरोला कंपनीने १९७४ मध्ये काढलेल्या ६८०० या प्रक्रियकाबरोबर समांतर जोडणीसाठी ६८२० व क्रमिक संदेशवहनासाठी ६८५० या चिपा दिल्या. मॉस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने १९७५ मध्ये ६५०२ हा प्रक्रियक २५ डॉलर या त्या वेळी अत्यल्प वाटणाऱ्या किंमतीस बाजारात आणला. अभियंत्यांना तो अजमावता यावा म्हणून १९७६ मध्ये किम-१ हा फलक काढण्यात आला. त्यावरील ६५३० या दोन सहचर चिपांपैकी प्रत्येकीत १,०२४ बाइट कायम स्मृती, ६४ बाइट तात्पुरती स्मृती, कालमापक व आदान-प्रदान मार्ग होते. फलकाची किंमत २४५ डॉलर होती. तो अभियंत्यांसाठी असला, तरी हौशी लोकांनी तो मोठ्या संख्येने विकत घेतला व घरगुती संगणक म्हणून वापरला. प्रक्रियकाची जाहिरात म्हणून काढलेला फलक स्वतःच एक उत्पादन होऊ शकतो, हे यावरून प्रथमच ठळकपणे दिसले.

पुढे एकाच चिपेवर अधिकाधिक ट्रँझिस्टर बसविणे शक्य झाल्यावर सहचर चिपांची कामे प्रक्रियकाच्याच चिपेत सामावू लागली. इंटेलच्या १९८० मधील ८०५१ या सूक्ष्मनियंत्रकात ४ किलोबाइट कायम स्मृती, १२८ बाइट तात्पुरती स्मृती, ३२ आदान-प्रदान मार्ग, दोन कालमापक व क्रमिक जोडणी एकत्र होती. त्यामुळे लहान नियंत्रणकार्यांत सहचर चिपांची गरज बरीच कमी झाली, पण ती संपली मात्र नाही. प्रक्रियकाकडून अपेक्षित असलेली कामे वाढत गेली तसतशी नवी सहचर चिप निर्माण होत राहिली.

फलकाची रचना : मूल्यमापन फलकाचे भाग सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात. (१) प्रक्रियक : हा बहुधा आपल्या मालिकेतील सर्वाधिक स्मृती व पिना असलेला प्रकार असतो. (२) विद्युत् पुरवठा : यात बाहेरून मिळणारा दाब प्रक्रियकाला लागणाऱ्या एक वा अनेक दाबांत बदलणारी व ते स्थिर राखणारी मंडले येतात. आधुनिक प्रक्रियकांना हे दाब ठराविक क्रमाने सुरू करावे लागतात. (३) कालस्पंद व पुनरारंभ मंडल : यात क्वॉर्ट्‌झ स्फटिकावर चालणारा आंदोलक आणि वीज सुरू होताच प्रक्रियकाला ठराविक पत्त्यापासून काम सुरू करावयास लावणारे मंडल असते. (४) स्मृती व सहचर चिपा. (५) जोडण्या : यांत प्रक्रियकाच्या शक्य तितक्या पिना बाहेर काढून दिलेल्या असतात. (६) अडक-जोड : या लहान धातूच्या टोप्या बसवून वा काढून मंडलाची मांडणी बदलता येते. त्यांपैकी एक बहुधा प्रक्रियकाच्या पुरवठामार्गात असते, ती काढून तेथे प्रवाहमापक जोडला की प्रक्रियक किती प्रवाह घेतो ते मोजता येते. (७) दोषशोधनाची सोय.

दोषशोधनाच्या साधनांत कालमानाने मोठा फरक पडला आहे. सुरुवातीच्या फलकांवर कायम स्मृतीतील देखरेख आज्ञावली हेच मुख्य साधन होते. तिची उणीव अशी की, तपासावयाच्या आज्ञावलीने भलत्याच पत्त्यावर लिहून स्मृतीतील देखरेखीसाठी राखलेला भाग बिघडविला, तर तपासणीचे साधनच नाहीसे होते. यासाठी प्रक्रियक काढून त्याच्या जागी त्याची हुबेहूब नक्कल करणारे मोठे उपकरण केबलने जोडण्याची पद्धत निघाली. हे साधन प्रभावी होते, पण फार महाग होते. फलकावरील डाखजोडांची तपासणी करण्यासाठी आखलेली व १९९० मध्ये आयईईई ११४९·१ या मानकात समाविष्ट झालेली जेटॅग पद्धती पुढे दोषशोधनासाठीही उपयोगात आली. तिच्यात चार आवश्यक तारांवरून चिपेच्या अंतर्भागाशी संपर्क साधता येतो. प्रक्रियकातच दोषशोधनाचे मंडल अंतर्भूत असल्याने त्याला कोणत्याही आज्ञेपाशी थांबविता येते व त्याचे नोंदकोश वाचता येतात. पुढे हे जोडयंत्रही फलकावरच बसविले जाऊ लागले व संगणकाला जोडण्यास एक केबल पुरेशी झाली.

फलकाबरोबर त्याची मंडलाकृती, घटकांची यादी, तांब्याच्या पट्ट्यांची आखणी आणि प्रत्येक घटक सुरू करून देणाऱ्या मूलभूत आज्ञावल्या पुरविल्या जातात. नव्या यंत्राचा अभिकल्प करणारा त्यांतील उपयुक्त भाग आपल्या मंडलात उचलू शकतो. अनुभवी अभियंते फलकाइतकेच महत्त्व या कागदपत्रांना देतात.

स्ट्राँगआर्म परिवाराचे उदाहरण : फलक व सहचर चिप यांच्या संबंधाचे एक बोधप्रद उदाहरण स्ट्राँगआर्म प्रक्रियकांच्या परिवारात आढळते. हा परिवार अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आर्म आज्ञासंचावर विकसित केला व नंतर तो इंटेलकडे आला. त्यातील एसए-१११० हा २०६ मेगाहर्ट्‌झपर्यंत चालणारा प्रक्रियक हातात धरण्याजोग्या संगणकांसाठी होता. त्यात स्मृतिनियंत्रक, दर्शकनियंत्रक व क्रमिक जोडण्या अंतर्भूत होत्या. यूएसबी उपकरणे, कळफलक, ध्वनी व विस्तारपत्रे जोडण्याची कामे एसए-११११ या सहचर चिपेकडे होती. इंटेलने प्रक्रियकासाठी ॲसाबेट नावाचा फलक काढला व त्यावर बसणारा नेपॉनसेट हा दुसरा फलक सहचर चिपेसाठी काढला. ही दोन्ही नावे मॅसॅचूसेट्स राज्यातील नद्यांची आहेत. सहचर चिपेची गरज नसणाऱ्याने पहिला फलक तेवढा घ्यावा व असणाऱ्याने दोन्ही जोडावे, अशी ही योजना होती. ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीच्या जोर्नाडा ७२० या हातसंगणकात ही जोडी वापरलेली होती.

एसए-११११ ला प्रक्रियकाची स्मृती काही काळ आपल्या ताब्यात घेऊन तिच्याशी थेट देवघेव करता येत असे. याच भागात एक दोष राहिला होता. स्मृतीच्या गटाच्या आरंभापासून १ मेगाबाइटच्या पलीकडील जागेकडे जाताना पत्त्याचा १० क्रमांकाचा बिट १ असून चालत नसे. तो तसा असल्यास चिप स्मृतीशी नीट व्यवहार करू शकत नसे. स्मृतीच्या मांडणीनुसार हा बिट प्रक्रियकाच्या दृष्टीने वेगवेगळ्या बिटांशी जुळत असल्याने दोषाचे स्वरूप फलकाफलकागणिक बदलत असे. इंटेलने जून २००० च्या शुद्धिपत्रकात हा दोष नोंदविला. चिप बदलणे शक्य नसल्याने आज्ञावलीत उपाय करावा लागला. लिनक्स या कार्यप्रणालीत अशा पत्त्यावरील माहिती आधी सुरक्षित जागी नक्कल करून ठेवावयाची व मगच सहचर चिपेस द्यावयाची, अशी व्यवस्था करण्यात आली. थेट देवघेवीने प्रक्रियकाचा जो वेळ वाचावयाचा, त्यातील काही भाग नक्कल करण्यात खर्च होऊ लागला. प्रक्रियक व सहचर चिप वेगवेगळ्या निर्दोष वाटल्या, तरी त्यांच्या सांध्यात दोष असू शकतो. माहितीपत्रक वाचून तो कळत नाही, दोन्ही चिपा एकत्र चालवाव्या लागतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अलीकडील प्रगती : २००० नंतर फलकांच्या किंमती फार उतरल्या. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्दुइनो या उपक्रमाने अभियंता नसलेल्यांनाही वापरता येतील असे फलक उपलब्ध केले व त्यांची मंडलाकृती सर्वांसाठी खुली ठेवली. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्‌स या कंपनीने २०१० मध्ये एमएसपी४३० सूक्ष्मनियंत्रकाचा लाँचपॅड फलक ४·३० डॉलरला विक्रीस काढला. त्याच वर्षी एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने दोषशोधनाच्या जोडयंत्रासह एसटीएम३२ मालिकेचा डिस्कव्हरी फलक आणला. उत्पादकाच्या दृष्टीने फलकाच्या विक्रीतून होणारा नफा गौण असतो. त्या प्रक्रियकाची सवय झालेला अभियंता पुढे हजारो चिपा खरेदी करील, ही अपेक्षा मुख्य असते.

सहचर चिपांच्या क्षेत्रात विद्युत् पुरवठा सांभाळणाऱ्या चिपांना विशेष महत्त्व आले. २००८ मधील बीगलबोर्ड या फलकावर ओएमएपी ३५३० या प्रक्रियकाच्या जोडीस अशीच एक चिप होती व ती अनेक दाब पुरविण्याबरोबर ध्वनीचेही काम पाहत असे. २०२३ मध्ये विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय ५ या एकफलकी संगणकात तर जुनी श्रमविभागणी पुन्हा अवतरली. त्याचा बीसीएम२७१२ हा मुख्य प्रक्रियक १६ नॅनोमीटर तंत्राने बनविलेला आहे. यूएसबी, जाळेजोडणी, कॅमेरा व सर्वसाधारण आदान-प्रदान पिना यांची कामे मात्र ४० नॅनोमीटर तंत्राच्या आरपी१ या वेगळ्या चिपेकडे आहेत आणि दोन्ही चिपा चौपदरी वेगवान क्रमिक मार्गाने जोडलेल्या आहेत. ३·३ व्होल्टवर चालणारी जोडणीमंडले महागड्या सूक्ष्म तंत्राने बनविण्यात लाभ नसतो. शिवाय पुढे प्रक्रियक बदलला तरी सहचर चिप व तिच्यासाठी लिहिलेली आज्ञावली तशीच ठेवता येते.

मर्यादा : फलकावर चाललेली आज्ञावली प्रत्यक्ष यंत्रात तशीच चालेल याची खात्री देता येत नाही. फलकावर मोठ्या स्मृतीचा प्रक्रियक असतो, तर यंत्रात किंमतीमुळे लहान स्मृतीचा घ्यावा लागतो. फलक प्रयोगशाळेतील तापमानात चालतो. औद्योगिक घटकांना मात्र बहुधा −४०° से. ते ८५° से. या मर्यादेत काम करावे लागते. फलकास अनेक थरांची आखणी केलेली असल्यास त्यावर विद्युत् गोंगाट कमी राहतो. तेच मंडल दोन थरांच्या स्वस्त फलकावर उतरविल्यास धारित्रे प्रक्रियकापासून दूर जातात, तारा लांबतात व क्वचितच प्रकट होणारे, म्हणून शोधण्यास कठीण असे बिघाड उद्‌भवतात. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राच्या वीजखर्चाचा अंदाज संपूर्ण फलकाच्या प्रवाहावरून केल्यास तो हमखास चुकतो, कारण प्रक्रियक विश्रांत स्थितीत असताना फलकावरील दर्शक दिवे व जोडयंत्र त्याच्यापेक्षा पुष्कळ अधिक प्रवाह घेतात.

सहचर चिप वापरण्यातही धोका असतो. ती बहुधा एकाच उत्पादकाकडून मिळते व एकाच प्रक्रियक परिवारास जुळते. तिचे उत्पादन थांबल्यास प्रक्रियक उपलब्ध असूनही यंत्राचा अभिकल्प बदलावा लागतो. दीर्घकाळ सेवेत राहणाऱ्या वैद्यकीय व औद्योगिक यंत्रांच्या बाबतीत पुरवठा किती वर्षे चालू राहील ही चौकशी म्हणूनच वेगाच्या चौकशीइतकीच महत्त्वाची ठरते.

या कारणांनी मूल्यमापनाची रीतसर पद्धत पाळली जाते. प्रथम यंत्रातील सर्वांत कठीण काम, उदा., ठराविक मुदतीत व्यत्ययास प्रतिसाद देणे, वेगळे काढून तेवढेच फलकावर चालवून मोजतात. त्यानंतर खरी संवेदके व मोटरी जोडतात. सहचर चिपेची देवघेव व प्रक्रियकाचे इतर काम दोन्ही एकदम पूर्ण भाराने चालवितात, कारण सांध्यातील दोष अशाच वेळी प्रकट होतात. उत्पादकाचे शुद्धिपत्रक चिपेवर छापलेल्या आवृत्तिक्रमांकाशी ताडून पाहतात. शेवटी स्वतःच्या फलकाचा पहिला नमुना तयार झाल्यावर त्याच चाचण्या दोन्ही फलकांवर करून निष्कर्षांची तुलना करतात. नमुन्यात दिसलेला बिघाड मूल्यमापन फलकावर दिसत नसेल, तर दोष बहुधा आपल्या मंडलात असतो. तो दोन्हींकडे दिसत असेल, तर आज्ञावली किंवा चिप तपासावी लागते. उत्पादन सुरू झाल्यानंतरही तुलनेचा आधार म्हणून फलक जपून ठेवण्याचा प्रघात यामुळेच पडला आहे.

भारतातील स्थिती : भारतात मूल्यमापन फलकाचा प्रसार प्रथम शिक्षणाचे साधन म्हणून झाला. एसडीके-८५ च्या धर्तीवर देशातच बनविलेले ८०८५ चे संच महाराष्ट्रातील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरले गेले. षोडशमान अंक कळफलकावरून भरून दोन संख्यांची बेरीज करणे, ८२५५ जोडून दिव्यांची उघडझाप करणे किंवा पायरी-मोटर फिरविणे हे प्रयोग अभियंत्यांच्या अनेक पिढ्यांनी त्यांवर केले. उच्च भाषेतील आज्ञावलीखाली प्रत्यक्षात काय घडते याची ओळख त्यामुळे विद्यार्थ्यांना झाली. तथापि संचावरील प्रक्रियक व सहचर चिपा परदेशी अभिकल्पाच्याच होत्या.

पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, रिस्क-५ या खुल्या आज्ञासंचावर आधारलेला वेगा हा प्रक्रियक परिवार विकसित केल्यामुळे या परिस्थितीत बदल झाला. त्यातील ३२ बिटी थेजस३२ ही चिप १०० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर चालते व तिच्यात २५६ किलोबाइट स्मृती आहे. तिच्या मूल्यमापनासाठी एरीज या नावाचे फलक काढण्यात आले असून ते शिक्षणसंस्था व लहान उद्योग यांच्यासाठी आहेत. आयआयटी मद्रास या संस्थेचा शक्ती हा प्रक्रियक प्रकल्पही याच आज्ञासंचावर आधारलेला आहे. स्वदेशी प्रक्रियक कागदावर कितीही सरस असला, तरी त्याचा फलक, सहचर चिपा, शुद्धिपत्रके व आज्ञावल्या सहज उपलब्ध असल्याखेरीज कोणताही यंत्रनिर्माता त्यावर आपले उत्पादन अवलंबून ठेवीत नाही. त्यामुळे प्रक्रियकाच्या निर्मितीइतकेच या पूरक साधनांच्या निर्मितीलाही महत्त्व आहे.